पंधरा आणि पस्तीस

क्रिकेटच्या मैदानावर फलंदाज चेंडू हलकेच ढकलतो आणि क्षेत्ररक्षक सावध होण्यापूर्वी पलीकडचे टोक गाठतो, त्या धावेला आपल्याकडे ‘चोरटी धाव’ म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. त्या धावेत कायदेभंग नाही; कोणाच्या तरी गाफीलपणाचा लाभ मात्र उठविलेला आहे, आणि तो उठविणाऱ्याचे पाय चपळ आहेत, हे त्या एका विशेषणात येऊन जाते. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात अशा चोरीला स्वतंत्र स्थान आहे. तिची वेगळी नोंद ठेवतात, मोसमाच्या अखेरीस तिचा हिशेब मांडतात आणि सर्वांत अधिक चोऱ्या करणाऱ्याचे नाव यादीच्या अग्रभागी छापतात. चोरांची अशी सन्मानपूर्वक यादी निघावी, हे नवलच.

या यादीतील १९५० सालच्या दोन नोंदींविषयी मी बोलणार आहे. त्या काळी अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलच्या दोन प्रमुख लीग होत्या, अमेरिकन आणि नॅशनल. प्रत्येकीत आठ संघ, आणि प्रत्येक संघाने मोसमात १५४ सामने खेळावयाचे. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये बेस चोरण्यात पहिला आला डॉम डिमॅजिओ. त्याच्या नावावर १५ चोऱ्या आहेत. नॅशनल लीगमध्ये पहिला आला सॅम जेथ्रो. त्याच्या नावावर ३५. अग्रणी खेळाडूने अवघ्या पंधरा चोऱ्या करून पहिला क्रमांक मिळवावा असे दोन्ही लीगच्या पूर्ण मोसमांच्या इतिहासात दुसऱ्यांदा घडले नाही. २०२० साली साथीमुळे साठच सामन्यांचा मोसम झाला, त्या वेळी नॅशनल लीगचा अग्रणी पंधरावरच थांबला होता. पण ते वर्षच अपवादाचे.

यात कुतूहलाची गोष्ट अशी की, हे दोघेही बोस्टन या एकाच शहरात खेळत होते. डिमॅजिओ ‘रेड सॉक्स’ संघाचा, जेथ्रो ‘ब्रेव्हज’ संघाचा. दोन्ही संघांच्या मैदानांत अंतर सुमारे एका मैलाचे. दोघेही मैदानाच्या मध्यक्षेत्राचे, म्हणजे फलंदाजापासून दूर अगदी समोरच्या विस्तीर्ण पट्ट्याचे रक्षक. दोघांचाही जन्म १९१७ सालच्या प्रारंभीचा. इतके सारे सारखे असताना एकाच्या खात्यात पंधरा आणि दुसऱ्याच्या खात्यात पस्तीस का, या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागलो की त्या खेळाच्याच नव्हे, तर त्या देशाच्या इतिहासात बरेच आत शिरावे लागते.

प्रथम चोरी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. बेसबॉलचे मुख्य अंगण म्हणजे कोनावर उभा केलेला एक चौरस. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी, त्यांना बेस म्हणतात. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ९० फूट. चेंडू मारून फलंदाज पहिल्या बेसवर जातो, आणि सहकाऱ्यांच्या फटक्यांच्या आधाराने क्रमाक्रमाने पुढे सरकत घरच्या कोपऱ्यावर परतला की एक धाव होते. पण पहिल्या बेसवर उभा असलेला धावपटू सहकाऱ्याच्या फटक्याची वाट न पाहता, चेंडू टाकणारा पिचर हात उचलतो न उचलतो तोच स्वतःच्या जबाबदारीवर दुसऱ्या बेसकडे धाव ठोकू शकतो. फलंदाजाच्या मागे बसलेला कॅचर चेंडू झेलून उभा राहतो आणि दुसऱ्या बेसवरच्या आपल्या गड्याकडे फेकतो. चेंडू आधी पोहोचून धावपटूच्या अंगाला लागला तर तो बाद. पाय आधी टेकला तर चोरी साधली.

हा सारा खेळ साडेतीन सेकंदांच्या आतबाहेर संपतो. पिचरच्या हालचालीला प्रारंभ झाल्यापासून चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत सव्वा ते दीड सेकंद जातो, आणि कॅचरची १२७ फुटांची फेक दुसऱ्या बेसवर पोहोचण्यास सुमारे दोन सेकंद. धावपटूला तेवढ्याच वेळात आपले अंतर कापावयाचे असते. त्यासाठी तो आधीच बेसपासून दहाबारा फूट सरकून उभा राहतो. तितके सरकले की पिचर अवचित पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला टिपू शकतो. न सरकले तर दुसरा बेस हाती लागत नाही. म्हणून चांगला चोर पायांच्या आधी डोळ्यांनी चोरी करतो. पिचरचा खांदा केव्हा वळतो, टाच केव्हा उचलते, या खुणा तो पाठ करून ठेवतो. कारण एकदा फलंदाजाकडे टाकण्याची हालचाल सुरू झाली की पिचरला ती अर्ध्यावर सोडता येत नाही, असा नियम आहे. १९४७ च्या डिसेंबरात सिडनीला विनू मंकडने चेंडू टाकण्यापूर्वीच रेषा सोडणाऱ्या बिल ब्राऊनला बाद केले, तेव्हा दोष कोणाचा यावर क्रिकेटच्या जगात किती शाई खर्ची पडली हे आपणांस ठाऊकच आहे. बेसबॉलने तो तंटा केव्हाच मिटविलेला आहे: धावपटूने खुशाल सरकावे आणि पिचरने खुशाल टिपावे, दोघांनीही एकमेकांस बोल लावू नये.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही कला भरात होती. चेंडू मऊ पडलेला, मळलेला, दूर न जाणारा; त्यामुळे एकेक धाव ओरबाडून घ्यावी लागे. १९१५ साली डेट्रॉइटच्या टाय कॉबने एका मोसमात ९६ बेस चोरले. त्याचा समकालीन एडी कॉलिन्स हा अधिक शांत डोक्याचा, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला खेळाडू. त्याने १९१० साली ८१ बेस चोरले, आणि १९१२ च्या सप्टेंबरात तर एका सामन्यात सहा चोऱ्या करण्याचा पराक्रम दोनदा केला. सबंध कारकिर्दीत त्याच्या नावावर सातशेच्या वर चोऱ्या आहेत. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण ते पुढे फार निराळ्या प्रसंगी पुन्हा ऐकू येणार आहे.

मग बेब रूथ आला. १९१९ मध्ये, बोस्टनच्याच रेड सॉक्सकडून खेळताना, त्याने २९ वेळा चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला गेल्यावर ५४ वेळा. अशा फटक्याला होमरन म्हणतात, आणि त्यावर बेसवरचे सर्व गडी निवांत चालत घरी येतात. मळके चेंडू चटकन बदलण्याची पद्धतही त्याच सुमारास रूढ झाली. जो फटका बेसवरच्या सर्वांना एकदम घरी आणतो तो पाठीमागून येणार असेल, तर एका बेससाठी पुढच्या गड्याने बाद होण्याचा धोका का पत्करावा? हिशेबही असा आहे की, साधारण तीन प्रयत्नांपैकी दोन साधले तरच चोरीचा सौदा तोट्यात जात नाही. संघनायकांनी तो हिशेब मनात केला आणि धावपटूंना बेसवर खिळवून ठेवले. पंचवीसतीस वर्षांत चोरी ही रोजची रीत न राहता क्वचित कधी काढावयाचा दागिना झाली. १९४९ साली अमेरिकन लीगच्या अग्रणीच्या चोऱ्या होत्या २०, आणि १९५० साली १५.

त्या वर्षीचा रेड सॉक्स संघ म्हणजे या हिशेबाचे टोक होते. सबंध संघाची फलंदाजीची सरासरी ०.३०२, म्हणजे हजार प्रयत्नांत तीनशे दोन यशस्वी फटके. त्यानंतर कोणत्याही संघाला पूर्ण मोसमात ०.३०० ची पायरी गाठता आलेली नाही. एकूण धावा १,०२७. त्यांच्या फेनवे पार्क या मैदानावर डावीकडे ३७ फूट उंचीची भिंत अगदी जवळ उभी आहे. उंच उडालेले चेंडू तिच्यावर आदळून फलंदाजाचे भाग्य उजळतात. व्हर्न स्टीव्हन्स आणि नवखा वॉल्ट ड्रोपो या दोघांनी आपापल्या फटक्यांवर प्रत्येकी १४४ धावा घरी आणल्या. टेड विल्यम्ससारखा अद्वितीय फलंदाज जुलैतील एका प्रदर्शनीय सामन्यात कोपर मोडून बसला, तरी धावांचा पूर ओसरला नाही. एवढे असून संघ तिसरा आला ही गोष्ट वेगळी. त्यांच्या गोलंदाजीविषयी बोलावयास बसलो तर वेळ पुरणार नाही.

अशा संघात सर्वांत आधी फलंदाजीस येणारा गडी होता डॉम डिमॅजिओ. सिसिलीहून सॅन फ्रॅन्सिस्कोला येऊन स्थायिक झालेल्या एका कोळ्याच्या घरातील हा धाकटा मुलगा. त्याचा थोरला भाऊ जो डिमॅजिओ अमेरिकेतील घराघरांत माहीत असलेला, आणि त्या झाडाच्या सावलीत डॉमचे अर्धे आयुष्य गेले. उंची पाच फूट नऊ इंच, डोळ्यांवर चष्मा. त्यामुळे त्याला ‘लिट्ल प्रोफेसर’, म्हणजे छोटा प्राध्यापक, असे टोपणनाव पडले. १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे त्याने आरमारात काढली. दृष्टी अधू म्हणून आरमार त्याला प्रथम घेईना. त्याने आग्रह धरून प्रवेश मिळविला. मुलगा असा गणवेशात, तर इटलीचे नागरिकत्व न सुटलेले आईबाप मात्र ‘शत्रुदेशीय’ ठरून, बापाला स्वतःची होडी जेथे बांधलेली असे त्या धक्क्यावर जाण्याची बंदी! तेव्हा या कथेत डिमॅजिओला केवळ सुखवस्तू पक्षात बसविणे अन्यायाचे होईल.

१९५० मध्ये त्याची सरासरी ०.३२८ होती, आणि १३१ धावा पूर्ण करून त्या बाबतीतही तो लीगमध्ये पहिला आला. १३१ धावा आणि १५ चोऱ्या: त्याला धावता येत नव्हते असे यावरून कोण म्हणेल? त्याला धावण्याचे कारणच नव्हते. तो बेसवर उभा राही, आणि मागून येणारे त्याला घरी पोहोचवीत. त्याचे पंधरा हे त्याच्या पायांचे माप नव्हे, त्याच्या लीगच्या सवयीचे माप होय. त्याच्या मागोमाग आलेल्यांच्या चोऱ्या तर बारा-बाराच होत्या.

आता मैलभर चालत पलीकडच्या मैदानावर जाऊ. ब्रेव्हज संघ रेड सॉक्सइतका लाडका नव्हता. १९४८ साली त्यांनी नॅशनल लीग जिंकली तेव्हा साडेचौदा लाख लोक मैदानावर आले होते. नंतर गर्दी ओसरू लागली. १८ एप्रिल १९५० रोजी या संघाकडून सॅम जेथ्रो पहिला सामना खेळला. बोस्टनच्या दोन्ही प्रमुख संघांत मिळून मैदानावर उतरलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. मोसमात त्याने १०० धावा पूर्ण केल्या, १८ होमरन मारले, आणि ३५ बेस चोरले. त्याच्या लीगमध्ये दुसरा आलेला ब्रुकलिनचा पी वी रीझ १७ वर होता, म्हणजे निम्म्याहूनही खाली. ब्रेव्हजपाशीही बॉब एलियट, सिड गॉर्डन यांसारखे दमदार फटकेबाज होते. तरी जेथ्रोला कोणी बेसवर खिळवून ठेवले नाही. वर्षाअखेर वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींनी त्याला नॅशनल लीगमधील वर्षाचा सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू म्हणून निवडले. अमेरिकन लीगमधील तोच मान ड्रोपोला मिळाला, तोही बोस्टनचाच.

हा ‘नवोदित’ तेहतीस वर्षांचा होता. संघाच्या कागदोपत्री त्याचे वय काही वर्षांनी कमी लावलेले होते, आणि त्यात त्याला दोष देववत नाही. तेहतिसाव्या वर्षी धावपटूचे पाय उताराला लागतात. ज्या वयात लोक निवृत्तीचा विचार करतात त्या वयात या माणसाने लीगमधील सर्वांना मागे टाकले. पंचविशीत तो कसा धावत असेल? आणि कोठे?

तो धावत होता ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात, ‘बकाइज’ नावाच्या संघाकडून, ‘निग्रो अमेरिकन लीग’मध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रमुख लीगच्या मालकांनी कृष्णवर्णीयांना दार बंद केले होते. तसा लेखी नियम कोठेही नव्हता. समजूत होती, आणि ती नियमाहून पक्की होती. म्हणून कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या लीग उभारल्या. बसमधून रात्ररात्र प्रवास, हॉटेलांनी नाकारलेले मुक्काम, एका दिवसात दोन-दोन, तीन-तीन सामने, असा तो संसार. तेथे जॉश गिब्सनसारखे होमरनचे सम्राटही होते. पण जुनी धावती रीत तेथे कोणी टाकून दिली नव्हती. बेस चोरणे, हूल देऊन पिचरचे चित्त विचलित करणे, अलगद टोलवून धावत सुटणे, हे सारे तेथे प्रतिष्ठेचे राहिले. ‘काळे जात्याच वेगवान’ असे एक आळशी स्पष्टीकरण त्या वेळी दिले जाई. कॉब आणि कॉलिन्स हे दोघेही गोरे होते, एवढे उत्तर त्याला पुरेसे आहे. ही जातीची नव्हे, शाळेची गोष्ट. एका शाळेने जो विषय अभ्यासक्रमातून काढून टाकला, तो दुसऱ्या शाळेत शिकवला जात होता, आणि त्या दुसऱ्या शाळेतील विद्यार्थ्यांना पहिलीच्या फाटकातून आत येऊ देत नव्हते.

एकदा मात्र जेथ्रोला त्या फाटकाच्या आत नेले होते. ही हकीकत १६ एप्रिल १९४५ ची. बोस्टनमध्ये रविवारी बेसबॉल खेळण्यास नगरपरिषदेची परवानगी लागे. इझाडोर मचनिक या नगरसेवकाने दोन्ही संघांना बजावले की, कृष्णवर्णीय खेळाडूंना संधी देणार नसाल तर मी या परवानगीस विरोध करीन. रेड सॉक्सच्या व्यवस्थापकाने त्याला कळविले की, आमच्याकडे आजवर कोणाही कृष्णवर्णीय खेळाडूने चाचणीची मागणीच केलेली नाही. तेव्हा ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचा क्रीडालेखक वेंडेल स्मिथ तीन खेळाडूंना घेऊनच बोस्टनमध्ये दाखल झाला: कॅन्सस सिटीचा जॅकी रॉबिन्सन, फिलाडेल्फियाचा मार्व्हिन विल्यम्स आणि क्लीव्हलंडचा सॅम जेथ्रो. मध्यंतरी १२ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे निधन झाले, त्यामुळे चाचणी आणखी लांबली. अखेर त्या सकाळी फेनवे पार्कवर तिघांना फलंदाजी करावयास लावली, चेंडू अडवावयास लावले. ह्यू डफी नावाचा वृद्ध शिक्षक देखरेख करीत होता. तिघांनी अर्ज भरले, आणि कळवू असे सांगून त्यांना निरोप दिला गेला. ते कधीच कळविले गेले नाही.

तो व्यवस्थापक म्हणजे एडी कॉलिन्स. सातशेहून अधिक बेस चोरणारा, एका सामन्यात सहा-सहा चोऱ्या करणारा एडी कॉलिन्स! चोराची पावले ओळखण्यास त्याच्याहून अधिक लायक माणूस सबंध अमेरिकेत क्वचित सापडला असता. त्या दिवशी फेनवेच्या हिरवळीवर असे दोघे धावत होते की, ज्यांच्यापैकी एकाने पुढे १९४७ आणि १९४९ मध्ये, व दुसऱ्याने १९५० आणि १९५१ मध्ये नॅशनल लीगमध्ये सर्वांत अधिक बेस चोरले. ज्या मध्यक्षेत्रावर जेथ्रोला उभे करता आले असते तेथला नेहमीचा गडी डॉम डिमॅजिओ त्या वेळी आरमारात होता. म्हणजे जागाही रिकामीच होती. त्या वर्षी रेड सॉक्स आठ संघांत सातवे आले. त्याच शरद ऋतूत जेथ्रोच्या बकाइजनी ‘होमस्टेड ग्रेज’ या बलाढ्य संघाला सलग चार सामन्यांत हरवून आपल्या लीगांचे अजिंक्यपद मिळविले.

पुढची कथा अनेकांना माहीत आहे. ब्रुकलिनच्या ब्रँच रिकीने रॉबिन्सनला करारबद्ध केले, आणि १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन नॅशनल लीगमध्ये उतरला. त्या मोसमात त्याने २९ बेस चोरले, १९४९ मध्ये ३७. १९४८ साली रिकीने जेथ्रोलाही घेतले, पण त्याला माँट्रिअलच्या दुय्यम संघात ठेवले. तेथे १९४९ च्या मोसमात त्याने ८९ बेस चोरले. ब्रुकलिनमध्ये मध्यक्षेत्रावर तरुण ड्यूक स्नायडर स्थिरावला होता. तेव्हा रिकीने जेथ्रोला ब्रेव्हजना विकले, आणि किंमत लाख डॉलरांच्या वर सांगितली गेली. बकाइजना त्याच्यासाठी सुमारे पाच हजार मिळाले होते. रिकीच्या धैर्याचे कौतुक करताना त्याची वहीही उघडून पाहावी, ती वाचनीय आहे.

आता १९५० सालचे ते दोन आकडे पुन्हा समोर ठेवावे. त्या वर्षाअखेर सोळा संघांपैकी केवळ पाच संघांनी आपल्या गणवेशात कृष्णवर्णीय खेळाडू उतरविलेला होता. अमेरिकन लीगमध्ये त्या मोसमात एकट्या क्लीव्हलंडकडे असे खेळाडू होते. ज्या लीगने दार अधिक उघडले तिच्यात धाव परत आली. जिने किलकिलेच ठेवले तिच्यात अग्रणी पंधरावर राहिला. नॅशनल लीगमध्येही १९४८ चा रिची ॲशबर्न किंवा १९५२ चा रीझ यांसारखे गोरे अग्रणी झालेच. पण रॉबिन्सनला बेसवर नाचताना रोज पाहणाऱ्या लीगमध्ये गोऱ्यांचे पायही सुटू लागले, असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकन लीगमध्ये हा पालट १९५१ साली दिसला. शिकागोच्या व्हाइट सॉक्सनी त्या मे महिन्यात क्यूबाचा कृष्णवर्णीय खेळाडू मिनी मिन्योसो याला आणले, आणि पंधराचा आकडा एका वर्षात ३१ झाला. पुढची दोन वर्षेही तोच पहिला. १९५६ पासून व्हेनेझुएलाचा लुईस अपारिसिओ सलग नऊ वर्षे त्या लीगचा अग्रणी राहिला. नॅशनलमध्ये विली मेज १९५६ ते १९५९ अशी चार वर्षे पहिला होता; आणि १९६२ साली लॉस एंजेलिसच्या मॉरी विल्सने १०४ बेस चोरून कॉबचा सत्तेचाळीस वर्षांचा विक्रम मोडला. रेड सॉक्सनी मात्र आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरविला तो २१ जुलै १९५९ रोजी. सोळा संघांत सर्वांत शेवटी.

तोवर जेथ्रो प्रमुख लीगमधून केव्हाच बाहेर पडला होता. १९५१ साली त्याने पुन्हा बरोबर ३५ बेस चोरले आणि पुन्हा पहिला आला. पण त्याचे क्षेत्ररक्षण दुबळे होते. तिन्ही मोसमांत नॅशनल लीगच्या बाह्यक्षेत्ररक्षकांत सर्वांत अधिक चुका त्याच्या नावावर लागल्या. १९५२ मध्ये सरासरी ०.२३२ वर घसरली. त्या वर्षी ब्रेव्हजचे सामने पाहावयास पुरते तीन लाख लोकही आले नाहीत. १९५३ च्या मार्चमध्ये संघाने बोस्टन सोडून मिलवॉकी गाठले, आणि जेथ्रोला टोलीडोच्या दुय्यम संघात धाडले. त्याच्या जागी मध्यक्षेत्रावर आलेला बिल ब्रूटन हाही कृष्णवर्णीयच. पुढील तीन वर्षे नॅशनल लीगचा चोरीतील अग्रणी तोच. १९५४ मध्ये जेथ्रो पिट्सबर्गकडून दोन सामने खेळला, आणि तेथे त्याची प्रमुख लीगमधील नोंद संपते. पुढे काही वर्षे टोरांटोच्या दुय्यम संघात खेळून तो पेनसिल्व्हेनियातील ईरी या गावी स्थायिक झाला व तेथे त्याने मद्यगृह चालविले.

खेळाडूंच्या निवृत्तिवेतनासाठी त्या काळी प्रमुख लीगमध्ये चार वर्षांची सेवा आवश्यक होती. जेथ्रोची भरली तीन पूर्ण मोसमांची, वर ते दोन सामने. १९८० साली ही अट त्रेचाळीस दिवसांवर आणली गेली; पण पूर्वी निवृत्त झालेल्यांना ती सवलत लागू केली नाही. १९९० नंतरच्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने प्रमुख लीगविरुद्ध न्यायालयात दावा लावला. त्याचे म्हणणे साधे होते: माझी जी वर्षे कमी भरतात ती मी गमावली नाहीत, ती मला मिळू दिली नाहीत. १९९६ मध्ये दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. ज्यांनी त्याला उशिरा आत घेतले त्यांच्याकडे तो उशिरा दाद मागावयास आला, हा त्याचा अपराध! तथापि त्या दाव्याचा गवगवा वाया गेला नाही. १९९७ साली संघमालकांनी अशा जुन्या कृष्णवर्णीय खेळाडूंना वर्षाकाठी साडेसात ते दहा हजार डॉलर देण्याचे ठरविले, आणि त्या मंडळींत जेथ्रोही होता. १६ जून २००१ रोजी ईरी येथे तो वारला. डिमॅजिओ २००९ सालापर्यंत हयात होता.

फेनवे पार्क अद्याप उभे आहे आणि ती भिंतही. ब्रेव्हजच्या मैदानाच्या जागी बोस्टन विद्यापीठाचे क्रीडांगण आहे. संघ १९६६ पासून अटलांटाचा झाला. २०२३ साली बेस आकाराने मोठे केले गेले आणि धावपटूला टिपण्यासाठी पिचरने बेसकडे वळण्यावर मर्यादा घातली गेली, तेव्हा त्याच संघाच्या रोनाल्ड अकुन्याने ७३ बेस चोरून नॅशनल लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला.

डिसेंबर २०२० मध्ये बेसबॉलच्या अधिकृत संस्थेने जाहीर केले की, १९२० ते १९४८ या काळातील सात कृष्णवर्णीय लीग याही प्रमुख लीगच होत्या. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत सामील करण्यात आले. त्यामुळे सॅम जेथ्रोने क्लीव्हलंड बकाइजकडून काढलेली वर्षे, ज्या वर्षी त्याला फेनवेवरून परत पाठविले ते १९४५ चे वर्ष धरून, आता प्रमुख लीगमधील वर्षे म्हणून मोजली जातात. १९५० साली तो नवोदित नव्हता असे या हिशेबाने ठरते. त्या वर्षीचे नवोदिताचे पारितोषिक अजून त्याच्याच नावावर आहे.